लाँडर म्हणजे मूळची धुणारी बाई!

गवतीचहा, १२ जून, रात्री ९.४२

आमच्या बँकेत दरवर्षी एक ऑनलाइन प्रशिक्षण असतं. विषय ठरलेला: मनी लाँडरिंग कसं ओळखावं. चाळीसेक स्लाइड, शेवटी दहा प्रश्न, आठ बरोबर आले की सुटका. परवा रविवारी घरीच बसून ते उरकत होते. शेजारी आई दोरीवरून काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. स्लाइडमधला माणूस तिसऱ्यांदा 'लाँडरिंग' म्हणाला तशी आई म्हणाली, "पैसे काय लाँड्रीत टाकतात का गं?"

मी हसून हो म्हटलं. पण मग ते डोक्यातून जाईना. रात्री शब्दकोश उघडले ते बारा वाजले तरी मिटवता आले नाहीत. सापडलं ते असं.

लॅटिनमध्ये 'लावारे' म्हणजे धुणे. त्यातूनच 'लावान्दा', म्हणजे जे धुवायचं आहे ते. आपण "धुणं भिजत घातलंय" म्हणतो तेव्हा धुणं म्हणजे क्रिया नसते, बादलीतला ढीग असतो. अगदी तसंच. हा ढीग धुणारी ती जुन्या फ्रेंचमध्ये 'लावांदिएर'. ती इंग्लंडात आली आणि 'लॅव्हेंडर' झाली. होय, लॅव्हेंडर! चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने मत्सराला 'दरबारची लॅव्हेंडर' म्हटलंय. त्याला जांभळं फूल अभिप्रेत नव्हतं, परटीण अभिप्रेत होती. बोलता बोलता मधला 'व' झिजला आणि राहिली 'लाँडर'. ती जिथे काम करते ती 'लाँड्री'. आणि 'टू लाँडर' हे क्रियापद या सगळ्यांच्या मागून आलं, सतराव्या शतकात. म्हणजे इंग्रजीत धुण्यावरून धुणारी असा शब्द झालेला नाही, धुणारीवरून धुणं असा झालाय.

त्या क्रियापदाच्या सुरुवातीच्या वापरांपैकी एक तर भारीच आहे. १६०९ साली शेक्सपिअरची सुनीतं छापली गेली, त्या पुस्तकाच्या शेवटी एक दीर्घ कविता आहे. तिच्यातली फसवली गेलेली मुलगी हातरुमाल पुन्हा पुन्हा डोळ्यांना लावते, आणि त्यावरची रेशमी नक्षी आसवांच्या खाऱ्या पाण्यात 'लाँडर' होते. (खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे आमच्या आईचं त्यावरचं मत.)

फुलाबद्दल: लॅव्हेंडर या झाडाचं नाव याच 'लावारे'वरून आलं की निळसर अशा अर्थाच्या दुसऱ्या लॅटिन शब्दावरून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण धुतलेल्या कपड्यांच्या घड्यांत लॅव्हेंडरच्या काड्या ठेवायची पद्धत होती, आपण वाळा ठेवतो तशी. त्यामुळे नाव मुळात वेगळं असलं तरी पुढे दोन्ही एकमेकांत मिसळलीच.

आता माझा प्रश्न. यातली बाई कुठे गेली? आज लाँडर म्हटलं की पैसे आठवतात, लाँड्री म्हटलं की दुकान. जिच्यावरून शब्द आला ती दोन्हीकडे नाही. कुणाला आणखी काही माहीत असेल तर लिहा.

---

खोडरबर, १२ जून, रात्री १०.०५

मस्त धागा. पण पैशांचा भाग राहिला की. शिकागोचा गुंड अल कपोन, त्याने दारूचे पैसे जिरवायला लाँड्र्या काढल्या होत्या, त्यावरून मनी लाँडरिंग. आमच्या सीएच्या क्लासमध्ये सरांनी हेच सांगितलं होतं.

---

टपरीवरचा, १२ जून, रात्री १०.११

जागा धरली आहे. चहा सांगितलाय.

---

गवतीचहा, १२ जून, रात्री १०.३८

@खोडरबर, आमच्या सातव्या स्लाइडवरही तेच आहे, कपोनच्या फोटोसकट! पण वर्षं जुळत नाहीत हो. त्या गोष्टीत नेहमी नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रांची दुकानं येतात. कपोनला करचुकवेगिरीबद्दल दोषी ठरवलं १९३१ मध्ये, शिक्षा अकरा वर्षांची. अशी भाड्याने यंत्रं वापरू देणारं पहिलं दुकान म्हणून ज्याचं नाव घेतात ते टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचं, १९३४ सालचं. अशा दुकानांना म्हणतात ते 'लाँड्रोमॅट' हे तर वेस्टिंगहाउस कंपनीचं व्यापारी नाव, तेही चाळीसच्या दशकातलं. फोर्ट वर्थचं दुकान निघालं तेव्हा हा बिचारा (बिचारा कसला!) तुरुंगात. शिकागोच्या धुलाई धंद्यात टोळ्यांनी हात घातला होता हे खरं, पण शब्द तिथून आलेला नाही.

छापील वापर रूढ झाला तो वॉटरगेटमुळे (अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी), १९७३ च्या आसपास. निक्सन यांच्या प्रचारासाठी आलेल्या देणग्यांपैकी ८९,००० डॉलर आधी मेक्सिकोतल्या एका वकिलाच्या खात्यात फिरवले आणि तिथून मायामीत, घरफोडीतल्या एका आरोपीच्या खात्यात आणले. कुणी दिले ते कळू नये म्हणून. बातमीदारांनी त्याला पैसे 'लाँडर' करणं म्हटलं. अमेरिकेत त्या नावाचा कायदा झाला १९८६ मध्ये. आपला २००२ चा, लागू झाला १ जुलै २००५ पासून.

गंमत म्हणजे करचुकवेगिरीत अडकलेल्या माणसाच्या नावावर आपण हा शब्द लावतो. त्याचे पैसे धुतलेलेच नव्हते, म्हणून तर तो सापडला.

---

खोडरबर, १२ जून, रात्री १०.४४

सरांना लिंक पाठवतो.

नको, राहू दे. वय झालंय त्यांचं.

---

गाळमातीवाला, १३ जून, सकाळी ६.२०

सकाळी सकाळी आमच्या धंद्यातला शब्द दिसला म्हणून लिहितो. मी पाणी शुद्धीकरण केंद्रात आयुष्य काढलं. आमच्याकडे 'लाँडर' रोज तोंडात असतो आणि त्याचा कपड्यांशी काही संबंध नाही.

नदीचं गढूळ पाणी येतं, त्यात तुरटी घालतात, मग ते मोठ्या गोल टाकीत संथ फिरतं. गाळ खाली बसतो. वर आलेलं नितळ पाणी टाकीच्या कडेला व्ही आकाराच्या खाचांवरून एका अरुंद चरात पडतं आणि पुढे वाळूच्या गाळणीकडे जातं. त्या चराला लाँडर म्हणतात. खाचा एका पातळीत नसल्या तर पाणी एकाच बाजूने पळतं, गाळ वर येतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्यामुळे लाँडरची पातळी हा आमच्याकडे जिव्हाळ्याचा विषय.

अॅल्युमिनियमच्या कारखान्यात वितळलेला धातू ज्या चरातून साच्याकडे वाहतो त्यालाही लाँडर म्हणतात. हे सगळं खाणींतून आलंय. खनिजाचा चुरा धुवायला लाकडी चर असायचे, ते लाँडर. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये कथलाच्या खाणी होत्या, तिकडे आजही घराच्या छपराच्या कडेच्या चराला लाँडर म्हणतात.

तेव्हा गवतीचहा, तुमची बाई पैशांत नाही सापडली तर इकडे बघा. धुणारी होती, ती चर झाली.

---

देवगिरा_वंदे, १३ जून, सकाळी ८.१५

एवढं लांब लॅटिनला जायची गरजच काय? लावारे म्हणजे सरळसरळ संस्कृत 'लवण'. पूर्वी कपडे खाराने धूत. ज्वालामुखीचा 'लाव्हा' पण तोच, पृथ्वीच्या पोटातला क्षार. आणि मराठी 'लावणे' आहेच: साबण लावणे. पाश्चात्त्यांनी आपल्याकडून नेलं आणि आपण त्यांचे कोश उघडून बसतो.

---

टपरीवरचा, १३ जून, सकाळी ८.१९

आला रे आला. दुसरा कप सांगतो.

---

मूळरूप, १३ जून, सकाळी ११.५०

@देवगिरा_वंदे, रागावू नका, पण आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही. नाहीतर लावणी, लवंग आणि लव्हाळं यांचीही सोयरीक लावावी लागेल.

'लावारे'च्या मागे जो इंडो-युरोपीय धातू धरतात, त्याची नातलग मंडळी ग्रीकमध्ये आहेत, आर्मेनियनमध्ये आहेत, जुन्या आयरिशमध्ये आहेत. संस्कृतात त्याचा पक्का वारस नाही. यात कमीपणा काही नाही, प्रत्येक घरात प्रत्येक भांडं असतंच असं नाही. लाव्हा मात्र खरोखर याच घरातला मानतात, फक्त खाराशी त्याचा संबंध नाही. इटलीत नेपल्सकडे पावसाच्या जोराच्या लोंढ्याला लाव्हा म्हणत. व्हेसुव्हियस ज्वालामुखीवरून आगीचा लोंढा आला, त्यालाही तेच नाव दिलं. 'लॅव्हिश' पण असाच: मुसळधार पाऊस, मग मुसळधार खर्च.

इंग्रजीची गंमत अशी की याच घराण्याची तिच्याकडे दोन प्रकारची माणसं आहेत. एक बाहेरून आलेली: लाँड्री, लोशन, लॅव्हेटरी, डायल्यूट. लॅट्रिनसुद्धा, लॅटिनमध्ये ती मुळात न्हाणी होती, पुढे काय झाली ते सर्वांना माहीत आहे. दुसरी जर्मानिक घरातलीच, आधीपासून राहणारी: 'लॅदर' म्हणजे साबणाचा फेस, आणि 'लाय' म्हणजे राखेपासून काढलेलं खाराचं पाणी. म्हणजे देवगिराजी, खार शेवटी आलाच. आला फक्त दुसऱ्या दाराने.

आणि तुमच्यासाठी एक खरंखुरं नातं देतो. साधा 'वॉश' घ्या. तो 'वॉटर'च्या मुळाचा आहे, पाण्यात घालणे असा. आणि वॉटरचा संस्कृत भाऊ आहे 'उदक'. सत्यनारायणाच्या पूजेत पळीभर उदक सोडताना तुम्ही जो शब्द उच्चारता, तो वॉशिंग मशीनच्या दारावर लिहिलेल्या शब्दाचा चुलतभाऊ आहे. रशियन व्होडकाही त्याच भावकीतली, पण ते पूजेनंतर.

आपल्या 'धुणे'चं मूळ संस्कृत 'धाव्'. या धातूला दोन अर्थ आहेत, धावणे आणि धुणे. कोशात 'धावक' शब्दाला पळणारा हाही अर्थ आहे आणि धोबी हाही. मॅरेथॉनच्या बातमीत 'धावक' वाचलं की मला घाटावरची माणसं दिसतात. त्याचंच भूतकालवाचक रूप 'धौत', आणि धोती, धोतर यांचा संबंध तिथेच लावतात. धोब्याला दुसरा शब्द 'रजक', तो रंगवणे या धातूवरून. रंगवणारा आणि रंग घालवणारा एकाच नावाचा, हेही बघण्यासारखं आहे.

---

देवगिरा_वंदे, १३ जून, दुपारी १२.३०

उदकाबद्दल धन्यवाद. लव्हाळ्याबद्दल निषेध.

---

वऱ्हाडी_ठेचा, १३ जून, दुपारी ३.०५

एवढे सगळे कोश उघडले, कुणी परटाच्या घरातल्याला विचारलं नाही. मीच लिहितो.

आमच्याकडे विदर्भात आम्हाला वरठी म्हणतात. आजोबा गावातल्या तीसेक घरांचं धुणं करत. पैसे नाही, सुगीला धान्य. लग्नकार्यात पायघड्या घालायचा मान आमचा, आणि त्या पायघड्या नंतर धुवायचं कामही आमचंच. मानाची ही दुसरी बाजू कुणी सांगत नाही.

वर खाराचं पाणी आलंय म्हणून सांगतो. भट्टी म्हणजे काय हे आता कुणाला ठाऊक नाही, 'भट्टीचे कपडे' हा शब्द तेवढा राहिला. मोठ्या तांब्याच्या हंड्यात खाली सोड्याचं पाणी, वर पिळून ठेवलेले कपडे रचायचे आणि रात्रभर खालून जाळ. वाफ कपड्यांतून वर जाते, मळ सुटतो. पहाटे तेच ओझं नदीवर. आजी सांगायची की जाळ लावणं हे कौशल्य, आपटणं कुणीही करील. लोकांना दिसतं ते आपटणंच.

आणि बिब्बा! कुणाचा सदरा कुणाचा, हे ओळखायला कोपऱ्यात बिब्ब्याच्या तेलाने खूण करायची. वर चुना लावला की काळी पक्की होते, भट्टीतही जात नाही. आजोबांना अक्षर येत नव्हतं, पण घरागणिक खूण पाठ: दोन टिंबं पाटलांची, उभी रेघ मास्तरांची, फुली कुणाची हे मी सांगणार नाही, ते कुटुंब अजून गावात आहे आणि त्यांचं देणं अजून बाकी आहे. इंग्रजीत बिब्ब्याला 'मार्किंग नट' म्हणतात ते या खुणांमुळेच. लोक म्हणतात "बिब्बा घालू नको", आमच्या घरी बिब्बा घातल्याशिवाय दिवस सुरू होत नव्हता.

परीटघडी हा शब्द सगळ्यांना आवडतो. परीट कुणाला आठवत नाही. गवतीचहा, तुमच्या प्रश्नाचं मराठी उत्तर हे घ्या.

---

गवतीचहा, १३ जून, दुपारी ३.४०

@वऱ्हाडी_ठेचा, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आमच्या माहेरच्या चादरींना कोपऱ्यात तीन टिंबं होती, मला वाटायचं डाग आहेत.

---

खाजवू_नका, १३ जून, संध्याकाळी ७.१०

त्वचेचा डॉक्टर आहे, राहवलं नाही. या बिब्ब्याच्या खुणेने वैद्यकीय पुस्तकांत एक स्वतंत्र नोंद मिळवली आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर अचानक चट्टे यायला लागले, खाज सुटायची, फोड यायचे. शेवटी कळलं की चट्टा बरोबर तिथेच येतो जिथे शर्टाच्या कॉलरवर किंवा चड्डीच्या पट्ट्यावर धोब्याची खूण टेकते. तिला 'धोबी मार्क डर्मटायटिस' म्हणतात. बिब्बा आणि अमेरिकेतली पॉयझन आयव्ही एकाच कुळातल्या वनस्पती, आंबाही त्यातलाच. त्यामुळे ज्याला आधी एकीचा त्रास झालाय त्याची त्वचा दुसरीलाही बिथरते.

'धोबी इच' मात्र वेगळं. ती जांघेतली बुरशी, म्हणजे साधा गजकर्ण. दोष घामाचा आणि दमट कपड्यांचा. साहेबाला खाज सुटली, नाव धोब्याचं घातलं. पेशंट आजही इंटरनेटवर वाचून येतात आणि म्हणतात डॉक्टर, लाँड्री बदलू का? मी म्हणतो चड्डी वाळवून घाला.

---

नांगरवाला, १३ जून, रात्री ९.३०

मर्चंट नेव्हीत होतो. ब्रिटिश नौदलातले लोक आजही कपडे धुण्याला 'धोबी' म्हणतात. मी धोबी करून येतो, असं. धुण्याच्या पावडरीला 'धोबी डस्ट'. म्हणजे आपण त्यांची लाँड्री घेतली, त्यांनी आपला धोबी नेला. त्याचीही त्यांनी क्रियाच केली.

---

सॅनहोजेची_आजी, १४ जून, पहाटे ४.५५

इकडे अमेरिकेत मुलाकडे येऊन राहिले तेव्हा सून फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "आज नाही जमणार, लाँड्री करायची आहे." मला वाटलं दुकान काढतेय! आपल्याकडे लाँड्री म्हणजे फक्त कोपऱ्यावरचं दुकान. इंग्रजीत दुकानही तेच, कपडेही तेच, कामही तेच. आता मीसुद्धा म्हणते, लाँड्री केली.

इथल्या ग्रंथालयात ज्येष्ठांसाठी व्याख्यान होतं त्यात ऐकलेलं सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत एकोणिसाव्या शतकात लाँड्र्या बहुतेक चिनी लोकांच्या. खाणींत आणि रेल्वेच्या कामांत त्यांना हुसकावत, म्हणून जे काम गोऱ्या पुरुषांना बायकी वाटायचं ते त्यांनी धरलं. १८८० मध्ये शहराने नियम केला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला खास परवाना हवा. कारण दिलं आगीचं. शहरात सुमारे ३२० लाँड्र्या, त्यांतल्या ३१० लाकडीच, आणि सुमारे २४० चिनी लोकांच्या. दोनशे चिनी लोकांनी अर्ज केले, सगळे नाकारले. बाकीच्यांचे ऐंशीच्या आसपास मंजूर, एकीला सोडून. आग काय माणूस बघून लागते?

'यिक वो' नावाच्या लाँड्रीचा मालक तुरुंगात गेला आणि वर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. बावीस वर्षं त्याच जागी धंदा होता त्याचा. १८८६ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला: नियम कागदावर सगळ्यांना सारखा असला आणि राबवताना भेद केला, तरी तो घटनेविरुद्धच. वकिलीच्या अभ्यासात हा खटला अजून शिकवतात म्हणे. नातू वकिली शिकतोय, त्याला विचारलं तर म्हणाला, आजी तुला यिक वो माहितेय?! त्या दिवसापासून माझा भाव वाढलाय.

---

लिफीकाठी, १४ जून, दुपारी १.२०

मी आयर्लंडमध्ये डब्लिनला राहते. इथे वयस्कर बाईसमोर 'लाँड्री' हा शब्द मी जरा जपून वापरायला शिकले.

इथल्या कॅथलिक जोगिणींच्या (नन्सच्या) मठांनी चालवलेल्या मॅग्डलीन लाँड्र्या होत्या. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली, अनाथ मुली, घरच्यांना नकोशा झालेल्या मुली तिथे पाठवत. धुणं हॉटेलांचं, दवाखान्यांचं, सरकारी खात्यांचंही. पगार नाही. बऱ्याचजणींची नावं बदलत. १९२२ नंतरच्या काळातच सुमारे १०,००० जणी तिथून गेल्या, असं सरकारी अहवालात आलं. शेवटची लाँड्री डब्लिनच्या मधोमध, बंद झाली १९९६ मध्ये. मी तेव्हा पुण्यात दहावीला होते, म्हणजे जुनी गोष्ट नाही. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली २०१३ च्या फेब्रुवारीत.

'धुणे' या शब्दाचं पापाशी नातं जोडलं की काय होतं ते इथे दिसतं. कपड्यांबरोबर मुलीही धुतल्या जातील अशी कल्पना होती. आपणही पापक्षालन म्हणतोच.

यावर विनोद नकोत, प्लीज.

---

टपरीवरचा, १४ जून, दुपारी १.२५

नाही करत.

---

जुनी_नाणी, १४ जून, रात्री ८.००

पैसे आणि धुणं यांची गाठ वॉटरगेटच्या पुष्कळ आधी पडली आहे. रोममध्ये लोकरीचे कपडे स्वच्छ करणारे कारागीर होते. त्यांचा साबण म्हणजे शिळं मूत्र, त्यातल्या अमोनियाने तेलकट मळ निघतो. रस्त्याच्या कोपऱ्यांवरून ते गोळा करत आणि हौदात पायांनी कपडे तुडवत. सम्राट व्हेस्पेशियनने या मूत्रावर कर बसवला. मुलगा टायटसने नाक मुरडलं, तेव्हा बापाने पहिल्या वसुलीतलं नाणं त्याच्या नाकाशी धरून विचारलं, वास येतो का? नाही म्हणाला. "आणि तरी हे मूत्रातूनच आलंय." रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहून ठेवलंय. फ्रेंचांनी पुढे सार्वजनिक मुताऱ्यांना त्या सम्राटाचंच नाव दिलं.

आता धाग्याशी संबंध. लॅटिनमध्ये मूत्राला एक शब्द आहे 'लोटियम', आणि तो याच 'लावारे'च्या घरातला, म्हणजे धुण्याचं द्रव. लोशनचा सख्खा भाऊ. उद्या सकाळी तोंडाला लोशन लावताना माझी आठवण काढा.

---

खोडरबर, १४ जून, रात्री ८.०४

काढणार नाही!

---

पोफळी, १४ जून, रात्री १०.१५

गोव्याकडून थोडी भर. पोर्तुगीजमध्ये धुणारी ती 'लावादेइरा', तुमच्या लाँडरची चुलत बहीण. पण आम्ही तिला घेतलं नाही. कोंकणीत धोबी म्हणजे मडवळ, आणि तो कानडीतून आलाय. कानडीत 'मडि' म्हणजे धुतलेलं, सोवळं वस्त्र. म्हणजे माणूस घाटावरून आला आणि सामान समुद्रावरून: बादली पोर्तुगीज 'बाल्द'वरून, इस्त्री ताणून सरळ करणे अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आली असं मानतात. देवगिराजी, इस्त्रीचं आणि स्त्रीचं काही नातं नाही, आधीच सांगून ठेवते.

अवांतर: शांपूचं कुणीच कसं काढलं नाही? तो तर आपलाच. चाँपो, म्हणजे दाब, चेप. पाटण्याचा शेख दीन महंमद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनला हमामखाना चालवायचा, वाफेत बसवून अंग रगडून द्यायचा. तेव्हा शांपू म्हणजे मालिश. केस धुणं नंतर आलं. मुंबईची चंपी त्याचीच.

---

खोडरबर, १४ जून, रात्री १०.४०

मग वॉशिंग्टन म्हणजे धुणेगाव? विचारून ठेवतो, पुन्हा संधी मिळणार नाही.

---

मूळरूप, १४ जून, रात्री ११.०२

नाही. इंग्लंडच्या ईशान्येला वॉशिंग्टन नावाचं गाव आहे, तिथून त्या घराण्याचं आडनाव आलं. गावाचं नाव बहुधा हवास्सा नावाच्या कुणा माणसाच्या वस्तीवरून. मात्र लॅव्हेंडर आणि लँडर ही इंग्रजी आडनावं खरोखर धुणारणीची. आपल्याकडे परीट आडनाव आहे, तसंच.

---

गवतीचहा, १५ जून, रात्री ९.२०

सगळ्यांचे आभार. माझ्याकडून थोडं, मग थांबते.

कायद्याच्या हिंदी नावात 'धन-शोधन' आहे. आमच्या शाखेत एका ग्राहकाने ते वाचून विचारलं, म्हणजे गुप्तधन शोधायचं का? शोधन म्हणजे शुद्ध करणं, हे आता कुणाच्या कानाला लागत नाही. मराठीत "काळ्याचं पांढरं करणं" सगळ्यांना कळतं, पण ते अर्जात कसं लिहिणार.

आणि आईचं. वऱ्हाडी_ठेचा यांच्या प्रतिसादापासून ती जरा गप्पच होती. आज सकाळी आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी आल्या नाहीत. आईने शेजारी फोन केला, "आज बाई आली नाही." मग फोन ठेवून मला म्हणाली, "तुझ्या इंग्रजांनी बाई टाकून धुणं ठेवलं. आपण धुणं टाकून नुसतं बाई ठेवलंय बघ. नाव काय गं तिचं?" मला माहीत होतं. तिला माहीत होतं. पण दोघींनाही सांगायला एक क्षण लागला.

---

वऱ्हाडी_ठेचा, १५ जून, रात्री ९.५०

आईंना नमस्कार सांगा. त्या तीन टिंबांचं गाव कोणतं तेवढं विचारा.

---

गवतीचहा, १५ जून, रात्री १०.०१

चांदूरबाजारजवळचं. थांबा, तुम्ही कुठले?

---

वऱ्हाडी_ठेचा, १५ जून, रात्री १०.०३

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

---

गाळमातीवाला, १६ जून, सकाळी ६.१५

काल केंद्रावर जुन्या माणसांना भेटायला गेलो होतो. आमच्या ऑपरेटरला विचारलं, लाँडर म्हणजे काय रे? म्हणाला, "साहेब, रिपोर्टात लाँडर. नवीन पोराला दाखवताना म्हणतो, ती पन्हळ घास." आठवड्यातून एकदा शेवाळं घासून काढावं लागतं तिचं.